चेहऱ्याला कड नसते

गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत लेकीनं धरून बसवलं, पप्पा तुम्ही कंपनीत दिवसभर ड्रॉइंगच काढता की, मग आजीचं काढा. खरंय ते, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी पॅटर्नची (ज्यावरनं साचा करतात त्या नमुन्याची) ड्रॉइंग बघतो, १६ वर्षं झाली, सेंटर लाईन, सेक्शन, फिलेट (धारेच्या जागी दिलेली गोलाई), हात बसलेला आहे. आई खुर्चीत बसली आणि मी तासभर काढलं, एकही रेघ वाकडी नव्हती. आईनं कागद घेतला, लांब धरला, परत जवळ धरला आणि म्हणाली, चष्मा तेवढा माझा आलाय बघ.

ते वाक्य डोक्यातनं गेलंच नाही, कारण ती अगदी बरोबर बोलली होती. चष्मा हुबेहूब होता आणि त्याच्या मागचा चेहरा कुणाचाच नव्हता. असं का झालं ते कळायला मला चार-पाच महिने लागले, पण आधीच सांगून टाकतो. चष्म्याला कड असते. मशीन ड्रॉइंगमध्ये जिथं धार तिथं रेघ, हा पहिला नियम, आणि चष्मा त्या नियमात बसतो. चेहऱ्यावर धारच नाही हो, सगळं फिलेट आहे, एक गोलाई दुसऱ्या गोलाईत मिसळत जाते. मी जिथं काहीच नाही तिथं रेघा मारत होतो, नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन, गालाला एक, ओठाभोवती पूर्ण आउटलाईन, आणि मग ते नाक लाकडात कोरून चिकटवल्यासारखं दिसणारच की.

तर तेव्हापासून रोज रात्री जेवण झाल्यावर १५ मिनिटं. मोबाईलला टायमर लावतो, वाजला की हात थांबला. कागद म्हणजे कंपनीतले रद्दीत जाणारे पाठकोरे प्रिंट, विचारून आणतो. आणि पेन्सिल नाही, साधं बॉलपेन. पेन्सिल घेतली की खोडरबर येतो आणि खोडरबर आला की १५ मिनिटांतली दहा एका डोळ्यावर जातात, हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. कोपऱ्यात तारीख टाकायची आणि कागद फायलीला लावायचा, बिघडलेला असला तरी लावायचा.

पहिली ५ मिनिटं नुसते गोळे. गोळा काढायचा, त्याच्या दोन्ही बाजू चाकूनं थोड्या तासल्यासारख्या चपट्या करायच्या (कवटी कानाच्या वर खरंच चपटी असते, हात लावून बघा), खाली जबडा लावायचा, मग त्यावर एक उभी सेंटर लाईन आणि एक आडवी भुवयांची, पण त्या रेघा सरळ नाहीत, गोळ्यावर दोरा गुंडाळल्यासारख्या फिरवून. डोकं डावीकडे वळलंय, वर बघतंय, खाली वाकलंय, असे आठ-दहा. नाक नाही, डोळे नाहीत. पहिला महिना मी फक्त हेच केलं. कंटाळा आला, खोटं कशाला बोलू, पण पॅटर्न तयार नसताना कुणी मोल्ड, म्हणजे साचा, भरतं का? डोक्याचं ठोकळेवजा रूप हातात बसल्याशिवाय डोळ्याच्या पापण्या काढण्यात काही अर्थ नाही हे माझं ठाम मत आहे, आणि मोबाईलवर जे आधी एकेक पापणी काढायला शिकवतात ते नवीन माणसाचा वेळ घालवतात.

मापाचं सांगायचं राहिलं. त्या पहिल्या चित्रात आईचे डोळे पार कपाळात गेलेले. मग घरातल्या सगळ्यांना भिंतीला उभं करून पट्टीनं मापलं, बायको हसायला लागली पण उभी राहिली. माझं टाळूपासून हनुवटीपर्यंत साडेबावीस सेंटीमीटर, आणि डोळे सव्वाअकरावर, म्हणजे बरोब्बर मध्ये. आईचे पण जवळजवळ मध्येच. आपण माणसाशी बोलताना डोळे-नाक-तोंड एवढ्याच पट्ट्यात बघतो, वरचं कपाळ आणि केसांखालची कवटी मोजतच नाही, म्हणून जवळजवळ प्रत्येक नवशिका डोळे वर चढवतो. बाकीची ढोबळ मापं पण कामाची आहेत, दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढी जागा, कान भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत, नाकाचं बूड भुवई आणि हनुवटीच्या मधोमध. ही नॉमिनल साइझ, म्हणजे ड्रॉइंगवरचं मूळ माप, समजा, खरा माणूस तिच्यापासून कुठं किती हटतो तिथंच तो ओळखू येतो. बहिणीचं बाळ मापलं तर डोळे निम्म्याच्या बरेच खाली, कारण लहान बाळाची कवटी मोठी आणि खालचा चेहरा छोटा. आईनं रात्री कवळी काढली की नाक आणि हनुवटी एकमेकांच्या जवळ येतात, सगळा खालचा तिसरा हिस्साच कमी होतो. मी तिला तसं पण काढलं, तिच्या परवानगीनं.

शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी दिल्या असतील. मेमरी ड्रॉइंगला बाजार, बसस्टॉप असं काहीतरी यायचं आणि आम्ही सगळी पोरं माणसं पाठमोरी काढायचो, म्हणजे तोंड काढायला लागायचं नाही. मार्क मिळायचे त्यामुळं कुणी विचारलं नाही. ती चुकवलेली तोंडं आता चाळिशीत काढायलोय.

गोळ्यांनंतरची ७ मिनिटं एक चेहरा. घरातला कुणी बसला तर तो, नाहीतर आरशातला मी. फोटोवरून शक्यतो नाही, त्यातही सेल्फीवरून तर नकोच, मोबाईल जवळ धरल्यामुळं नाक मोठं आणि कान मागं गेलेले दिसतात आणि आपण ते खरं समजून काढतो. ट्यूबलाईट बंद करून एका बाजूनं टेबल लॅम्प लावतो. याचा किती फरक पडतो ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही, ट्यूबचा उजेड सगळीकडनं येतो आणि चेहरा सपाट करून टाकतो, एका बाजूचा दिवा लावला की कपाळ कुठं वळतंय, गालाचं हाड कुठं संपतंय सगळं उघडं पडतं. मग डोळे किलकिले करून बघायचं. बारीकसारीक गोष्टी जातात, फक्त उजेड आणि सावलीचे तुकडे राहतात, आणि ते तुकडे काढायचे. नाक असंच आलं मला, एक दिवस रेघ न मारता फक्त खालची सावली आणि एका बाजूचा करडा तुकडा भरला आणि कागदावर नाक उभं राहिलं. त्या रात्री झोप लागायला उशीर झाला.

डोळ्याचं पण तसंच, आपण बदामाचा आकार काढून मध्ये गोल ठेवतो, पण तो खोबणीत बसलेला चेंडू आहे आणि पापण्या त्याच्यावरनं गेल्यात. वरची पापणी बुबुळाचा वरचा थोडा भाग झाकते, खालच्या पापणीला जाडी असते आणि तिच्यावर उजेड पडतो, आणि डोळ्याचा पांढरा भाग कोरा सोडला तर माणूस दचकल्यासारखा दिसतो, कारण तिथं पापणीची सावली असते. वरचा ओठ खाली झुकलेला म्हणून गडद, खालचा वर तोंड करून म्हणून उजळ. ओठाची आउटलाईन मी आता काढतच नाही, दोन ओठांमधली फट आणि खालच्या ओठाखालची सावली दिली की भागतं.

शेवटची ३ मिनिटं कालचा कागद उलटा धरून बघायचा, वरचं खाली. सुलट असला की मेंदू लगेच चेहरा म्हणून स्वीकारतो आणि चुका झाकून घेतो, उलटा केला की ते जमत नाही आणि तिरका गेलेला डोळा लगेच दिसतो. चूक कागदावरच लिहून ठेवायची. मार्चमध्ये वर्षअखेरीच्या कामात १९ दिवस काहीच झालं नाही, नंतर एका रविवारी तीन तास बसून भरून काढायला गेलो, हात जड झाला आणि दुसऱ्या दिवशी परत चुकलं. ते करू नका. चुकलेला दिवस गेला, आज एक गोळा काढा.

रविवारी सकाळी मात्र बाहेर जातो. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे अर्धपुतळे आहेत, १९५० साली बसवलेले, बाबासाहेब हयात असताना. पुतळा हलत नाही, कंटाळत नाही, आणि सकाळी आठला आणि अकराला गेलं तर ऊन फिरल्यामुळं तोच चेहरा वेगळा दिसतो. शिवाय आपण खालून बघतो, त्यामुळं हनुवटीचा आणि नाकाचा तळ दिसतो, भुवयांची रेघ कमानीसारखी वर वाकते आणि कान डोळ्यांच्या मानानं खाली उतरतात. गोळ्यावरच्या दोऱ्याचा धडा मला खरा तिथं कळला. पाच-सहा माणसं मागं उभी राहतातच, एका रिक्षावाल्या मामांनी सांगितलं की गालाची सावली कमी पडलीय, आणि ती खरंच कमी होती.

या गावात हे वेगळं वाटून घ्यायचं कारणच नाही म्हणा. बाबुराव पेंटर, मूळ आडनाव मेस्त्री, १८९० सालचा जन्म, इथंच चित्रं, शिल्पं स्वतःच्या हिमतीवर शिकले आणि सिनेमाचा कॅमेरा सुद्धा इथल्याच मेकॅनिक सहकाऱ्याला घेऊन बनवला. मिस्त्री आणि चित्रकार ही दोन वेगळी माणसं असतात असं कोल्हापुरात निदान मला तरी वाटत नाही. आणि राजारामपुरीत चंद्रकांत मांडरेंचं संग्रहालय आहे, सिनेमातले चंद्रकांत, त्यांची पावडर शेडिंगची चित्रं आहेत तिथं. लहानपणी शाळेबरोबर गेलतो तेव्हा भराभर पुढं गेलो. यंदा गेलो तर एका चित्रापुढनं पाय हलेना, काळ्या पावडरीतनं फिकटाकडनं गडदाकडं सरकत सगळं उभं केलंय, मला हवी होती ती कडेशिवायची गोलाई तिथं डोळ्यासमोर होती. ज्यांनी ते बघितलं नाही त्यांनी जरूर जा.

आईचं चित्र आतापर्यंत २७ वेळा काढलं. बाविसाव्याला ती काही बोलली नाही, पण तो कागद तिनं फायलीतनं काढून देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात ठेवलाय, त्यात मी मुद्दाम चष्मा काढला नव्हता.

आता गाडी कानावर अडलीय. कान म्हणजे आमच्या भाषेत सगळ्यात अवघड कोअर (साच्यात आतली पोकळी पाडणारा भाग), आत वळण, त्यात परत वळण. परवा रात्री गंगावेशीत दूध प्यायला गेलो तर कट्ट्यावर एक वस्ताद बसलेले, सत्तरी पार, आणि कान पक्के पैलवानी, मोडलेले. कुस्तीत कान सारखा घासून, दाबून आत रक्त साकळतं, कूर्चेला पोचणारा पुरवठा तुटतो आणि ते तसंच घट्ट होऊन बसतं, मग आतली वळणं बुजून कान गच्च भरतो. म्हणजे कड तर सोडाच, खाचसुद्धा राहत नाही. मी विचारलं, काढू का. मान हलवली. दिवा त्यांच्या डाव्या बाजूला होता, सात-आठ मिनिटं फक्त डावा कान काढला, सावलीचे चार तुकडे. कागद दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला, मग म्हणाले, ह्यो बारका हाय रं, खरा उजवा हाय. आणि ग्लास खाली ठेवून दुसऱ्या अंगाला वळून बसले.