आवाज बंद, टाळी चालू

तिसरीच्या वर्गाला पहिल्यांदा लय शिकवली तेव्हा मी फळ्यावर व्याख्या लिहून दिली होती. दोन मात्रांमधलं (ठोक्यांमधलं) समान अंतर म्हणजे लय. मुलांनी ती छान अक्षरात उतरवून घेतली. मग म्हटलं, चला, आता टाळी धरा. वर्गात पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. व्याख्या सगळ्यांना पाठ होती आणि एकाची टाळी शेजारच्याशी जुळत नव्हती.

पुढच्या वर्षी व्याख्या बाजूला ठेवली आणि थेट ऐकवायलाच घेतलं. सुरुवात केली संगीतकार ग्रीगच्या ‘इन द हॉल ऑफ द माउंटन किंग’पासून. इब्सेनच्या ‘पीर गिंट’ नाटकासाठी १८७५ मध्ये रचलेलं हे संगीत जेमतेम अडीच-तीन मिनिटांचं आहे. एकच चाल चोरपावलांनी सुरू होते, पुन्हा पुन्हा येते, आणि वेग चढत चढत शेवटी सगळा वाद्यवृंद धावत सुटतो. मुलं बाकांवरून उठली. चालायला लागली, मग पळायला. मला वाटलं, जमलं.

दोन दिवसांनी तबल्यावरचा एक द्रुत, म्हणजे जलद लयीतला, तीनताल लावला, पण शेजारच्या वर्गात परीक्षा होती म्हणून आवाज अगदी बारीक ठेवला. विचारलं, ही लय कशी आहे? अर्ध्याहून जास्त मुलं म्हणाली, ‘संथ!’

चूक माझी होती. ग्रीगच्या त्या रचनेत वेग आणि आवाज हातात हात घालून वाढतात. मुलांनी दोन्ही एकच धरलं: मोठ्याने म्हणजे जलद, हळू आवाज म्हणजे संथ. आपलं बोलणंही त्यांना तेच शिकवतं. ‘हळू चाल’ आणि ‘हळू बोल’, दोन्हीकडे शब्द एकच. तेव्हापासून मी वर्गात वेगासाठी ‘संथ’ आणि ‘जलद’, आवाजासाठी ‘लहान’ आणि ‘मोठा’ एवढेच शब्द वापरते.

हा गुंता सोडवायला रॅव्हेलचा ‘बोलेरो’ (१९२८) फार उपयोगी पडला. एका छोट्या ड्रमवर तोच ठेका पहिल्यापासून शेवटापर्यंत चालू असतो. वाद्यं वाढत जातात, आवाज वाढत जातो, लय मात्र तीच राहायची असते. सुरुवातीचा तुकडा ऐकवला, मग शेवटाकडचा, आणि विचारलं, वेग वाढला का? सगळे हात वर. ‘मग मोजू या,’ म्हटलं. एकाने घड्याळ धरलं, बाकीच्यांनी ड्रमबरोबर टाळ्या दिल्या. पहिल्या तुकड्यात पंधरा सेकंदांत अठरा टाळ्या आल्या. शेवटच्या तुकड्यातही अठरा. वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, ‘पुन्हा मोजू या, बाई.’ पुन्हा मोजलं. अठरा.

त्यानंतरचा टप्पा मला सगळ्यात जवळचा आहे. सँ-साँसने १८८६ मध्ये ‘कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स’ ही प्राण्यांवरची संगीतमाला लिहिली. त्यातल्या कासवांसाठी त्याने ऑफेनबाखची अतिशय धावती नाचाची चाल घेतली, कॅन-कॅन म्हणून सगळ्यांना माहीत असलेली, आणि ती तंतुवाद्यांवर कमालीची संथ वाजवायला लावली. मी आधी मूळ चाल ऐकवते, मुलांना ती गुणगुणू देते, मग कासवं. एखादं मूल दचकून वर बघतं, ‘ही तीच आहे!’ चाल तीच, स्वरांची लांब-आखूड मांडणी तीच, फक्त लय बदलली. ठेका आणि लय वेगळ्या गोष्टी आहेत हे मला एका वाक्यानेही सांगावं लागत नाही.

आणि त्या कासवांच्या मागे पियानो ऐका. चाल सरपटत असताना तो प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन-तीन बारीक ठोके वाजवत राहतो. मी बरेच दिवस त्याकडे लक्षच दिलं नव्हतं. पण मुलांची खरी अडचण तिथेच सुटली.

अडचण अशी की मुलांना जलद लय धरता येते, संथ येत नाही. दोन टाळ्यांमध्ये रिकामी जागा आली की हात अस्वस्थ होतात आणि लय चढते. मध्यलयीतला, सोळा मात्रांचा तीनताल त्यांना लवकर येतो. ‘धा धिं धिं धा’ म्हणत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात उलटा करून हवेत. खाली आली हे कसं कळलं, असं विचारल्यावर एकाने सांगितलं होतं, ‘पोटातला आवाज गेला.’ डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्ज आवाजाच्या भांड्याचा घुमारा थांबतो, ते त्याने बरोबर पकडलं होतं.

पण लय निम्मी केली की सगळं विस्कटायचं. म्हणून मी एक खेळ घेते. ठेका चालू असताना मध्येच आवाज बंद करायचा, मुलांनी टाळी-खाली चालू ठेवायची, सोळा मात्रांनी बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आवाज परत आणायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा मुलं तीन मात्रा आधीच समेवर पोहोचून माझ्याकडे बघत उभी होती.

मग त्यांना पियानो आठवून दिला. तो काय करत होता? ‘मधली जागा भरत होता.’ आणि तबलजी? विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकताल लावला. त्यात बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभरसुद्धा चालू शकतं. मुलांना आधी ते थांबल्यासारखंच वाटलं. मग चौथ्या मात्रेवर ‘तिरकिट’ हा तबल्याचा बोल ऐकू आला, पुन्हा दहाव्यावर. दोन मोठ्या मात्रांमध्ये तबलजी गप्प बसत नाही हे कानांना कळलं. मी सांगितलं, टाळी संथच द्या, पण मनात प्रत्येक मात्रेचे चार भाग म्हणा. ओठ हलले तरी चालतील.

या खेळाला आम्ही अजून प्रत्येक तासाची शेवटची पाच मिनिटं देतो. परवा संथ तीनतालात आवाज बंद केला. टाळ्या पडत होत्या, मध्ये लांब शांतता. खिडकीजवळची एक मुलगी, एरवी सगळ्यात आधी घाई करणारी, बोटांची टोकं मांडीवर हलकेच आपटत होती. आवाज परत आणला तेव्हा तिची टाळी समेवर पडली. बाकीच्यांतलेही बरेच जण आले, काही थोडे पुढे, दोघं मागे.

तिला विचारलं, ‘मधे काय म्हणत होतीस?’

‘तिरकिट, बाई. प्रत्येक मात्रेच्या घरात एक.’