शेवग्याच्या एका कागदासाठी पाच महिने

एम.व्ही.एस्सी.ला (पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीला) माझा विषय होता, उस्मानाबादी बोकडाचं वीर्य 5 अंश सेल्सिअसला साठवताना एक्स्टेंडरमध्ये (वीर्य पातळ करून टिकवणाऱ्या द्रावणात) शेवग्याच्या पाल्याचा अर्क घातला तर शुक्राणू जास्त टिकतात का. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मंजूर झाला, एथिक्स कमिटीचा फॉर्म एका बैठकीत सुटला, बोकडही कृत्रिम योनीला (वीर्य गोळा करायच्या साधनाला) लवकर सरावले. अडलं ते शेवग्यापाशी.

प्रबंधात वनस्पती वापरली की तिची ओळख पटवल्याचं प्रमाणपत्र जोडा, असं मला सांगितलं होतं. जुलैत हॉस्टेलमागच्या झाडाची डहाळी वर्तमानपत्रात दाबून वाळवली आणि एसटीने 100 किलोमीटरवरच्या, हे प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयात नेली. "फूल कुठंय?" एवढंच विचारून ती परत दिली. झाडावर तेव्हा कळीसुद्धा नव्हती. ऑक्टोबरात पहिला तुरा आला तसा घेऊन गेले, तर म्हणाले, नमुना जाड शीटवर शिवून आणा, खाली ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव लिहा. तेही केलं. तिसऱ्या खेपेला पत्रावर विभागप्रमुखांची सही हवी होती, माझ्याकडे फक्त गाइडची. चौथ्या खेपेला सगळं होतं, पण साहेब दौऱ्यावर. कागद हातात पडायला डिसेंबर उजाडला. जुलैत सावलीत वाळवलेला पाला तोवर डब्यात पडून जुना झाला, सगळा टाकून नवा वाळवला.

फुलाची अट रास्तच आहे. आपल्याकडे रानशेवगाही उगवतो, त्याच्या पाकळ्यांवर तांबूस शिरा असतात, आणि एकाच्या जागी दुसरा वापरला तर सगळं काम वाया. पण या अटी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिल्या असत्या तर माझ्या खेपा आणि महिने वाचले असते. राग त्याचा आहे. तुम्ही असा विषय घेणार असाल तर आधी फुलासकट फांदी दाबून ठेवा, सिनॉप्सिस नंतर लिहा.

एक्स्टेंडरमध्ये अंड्याचा बलकही असतो. बोकडाच्या वीर्यातलं एक विकर (एन्झाइम) बलकातलं लेसिथिन हे मेदद्रव्य तोडतं आणि त्यातून तयार होणारा पदार्थ शुक्राणूंनाच मारतो, म्हणून बलक कमीच ठेवला. शुक्राणूच्या आवरणातल्या मेदाम्लांचं साठवणीत ऑक्सिडीकरण होतं, त्याला पाल्यातल्या पॉलिफिनॉल्सनी (ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या द्रव्यांनी) आवर घालावा ही कल्पना. मात्र अर्क जास्त झाला की घात. सगळ्यांत जास्त अर्काच्या गडद नळीतला थेंब स्लाइडवर घेतला तर शुक्राणू गुठळ्यांत अडकून जागच्या जागी थरथरत होते. सगळ्यांत कमी मात्रेच्या नळीत तिसऱ्या दिवशीही सरळ पुढं पळणारे दिसले, तेव्हा मी धावत जाऊन मॅडमना बोलावून आणलं. पाच महिन्यांचा शीण त्या दहा मिनिटांत उतरला.

हो, एक राहिलंच. अर्क मिसळल्यावर पीएच पुन्हा मोजा. आणि नळ्या थेट फ्रिजमध्ये ठेवू नका. कोमट पाण्याच्या बीकरमध्ये उभ्या करून बीकरसकट ठेवा, म्हणजे पाण्यासोबत त्या हळूहळू गार होतात आणि शुक्राणूंना थंडीचा धक्का बसत नाही.