आधी किलो, मग मशीन: नागपुरातल्या घरच्या बॉक्स कारखान्याची वाढ

हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या एमआयडीसींमध्ये पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारी बरीच युनिटं घरच्या मालकीची आहेत. एक सिंगल फेसर (कागदाला लाटा पाडून सपाट कागदावर चिकटवणारं), एक पेस्टिंग, एक रोटरी (शीट कापून घडीच्या रेषा पाडणारं), दोन स्टिचिंग मशीन एवढ्यावर सुरुवात झालेली असते. पुढची पिढी कामात आली की पहिला विषय निघतो सलग शीट बनवणाऱ्या ऑटोमॅटिक लाइनचा. आमचं मत स्पष्ट आहे: ज्या कारखान्याला आपल्या एका बॉक्सचं वजन ग्रॅममध्ये सांगता येत नाही, त्याने लाइनचं कोटेशन मागवू नये.

हा धंदा एका गोष्टीवर उभा आहे. कागद आपण किलोवर घेतो आणि बॉक्स नगावर विकतो. नफा, तोटा, वाढ, सगळं या दोन मापांच्या मधल्या फटीत असतं.

एक नेहमीचा बॉक्स घेऊ. पाच प्लाय म्हणजे पाच थरांचा, आतून ४०० × ३०० × २५० मिमी. शीटची लांबी म्हणजे बॉक्सच्या लांबी-रुंदीच्या बेरजेची दुप्पट अधिक जोडाची पट्टी: १४०० + ४० = १४४० मिमी. शीटची रुंदी म्हणजे बॉक्सची रुंदी अधिक उंची अधिक ट्रिमिंग: ५५० + २० = ५७० मिमी. क्षेत्रफळ ०.८२ चौरस मीटर. कागद असा धरू: वरचा १८० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये), मधला १२०, आतला १५० आणि दोन्ही फ्लूट, म्हणजे मधले लाटांचे कागद, १२०चे. फ्लूटचा कागद लाटांमध्ये जास्त जातो. नॅरोला (बारीक लाटेला) साधारण १.३५ पट, ब्रॉडला (मोठ्या लाटेला) १.५ पट, म्हणून सरासरी १.४ घेतली तर प्रत्येक फ्लूट १६८ ग्रॅम. बेरीज ७८६ ग्रॅम दर चौरस मीटर. म्हणजे एका बॉक्समध्ये ६४५ ग्रॅम कागद, वर सुकलेला गोंद वीस-पंचवीस ग्रॅम. पाच टक्के वेस्टेज धरलं तर एका बॉक्ससाठी ६८० ग्रॅमच्या आसपास कागद विकत घ्यावा लागतो.

ताकदीचा हिशोबही याच आकड्यांतून निघतो. जीएसएम गुणिले बीएफ (बर्स्ट फॅक्टर) भागिले १००० म्हणजे त्या कागदाचं बर्स्टिंग, म्हणजे तो किती दाबाला फाटतो ते. तिन्ही लायनर (सपाट कागद) १८ बीएफचे असतील तर ३.२४ + २.१६ + २.७० = ८.१०. फ्लूट १६ बीएफचे, प्रत्येकी १.९२, धंद्यात ते निम्मे धरतात, म्हणून दोन्ही मिळून आणखी १.९२. एकूण १० किलो दर चौरस सेंटिमीटर. गिऱ्हाइकाने '१० किलोचा बॉक्स' मागितला की हे गणित कागदावर मांडूनच भाव द्यावा. शेजारच्या युनिटचा भाव पाहून पन्नास पैसे कमी लावणाऱ्याला आपण काय विकलं तेच कळत नाही.

आता कागद किलोमागे एक रुपयाने वाढला तर या बॉक्सवर ६८ पैसे वाढतात. १० हजार नगांच्या ऑर्डरवर ६,८०० रुपये. तीन महिन्यांचा पक्का भाव देताना हा आकडा समोर हवा. त्याहून बरं म्हणजे कोटेशनवरच लिहावं की हा भाव कागदाच्या अमुक दराला धरून आहे आणि किलोमागे एका रुपयाच्या फरकाला इतके पैसे वरखाली होतील. मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागाला ही भाषा कळते. उलट असं लिहिणाऱ्या पुरवठादाराला ते गंभीरपणे घेतात.

जीएसएम तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा नीट कापून सोनाराकडे असतो तशा काट्यावर ठेवा, ग्रॅमला शंभरने गुणा. १५० मागवलेला कागद १५८ निघाला की मिलचं बिल वाढतं, आपला बॉक्स मात्र त्याच भावात जातो. सगळ्याच थरांत असं झालं तर वरच्या बॉक्समध्ये ३४ ग्रॅम जास्त, म्हणजे १० हजार नगांमागे ३४० किलो कागद फुकट. ओलाव्याचंही तसंच. सात टक्क्यांऐवजी दहा टक्के ओलावा असलेला दहा टनांचा ट्रक उतरवून घेतला, तर सव्वातीनशे किलो पाण्याचे पैसे कागदाच्या भावाने दिले. मॉइश्चर मीटर हजारांत येतो, आणि तो ऑफिसच्या कपाटात न ठेवता गेटवर ठेवायचा असतो. पावसाळ्यात तर प्रत्येक गाडीला.

रोज संध्याकाळी तीन आकडे लिहावेत: रील किती किलो गेली, बॉक्स किती किलोचे निघाले, रद्दी किती किलो झाली. गोंदाचं वजन धरून हे जुळलं पाहिजे. वेस्टेज पाच-सहा टक्क्यांच्या पुढे गेलं तर ते कुठे गेलं हे शोधावं: रीलचे वरचे फाटके थर, आतली नळी, बाजूची कात्रण, मशीन सुरू होतानाची खराब टू-प्लाय (दोन थरांची) शीट, छपाईच्या पहिल्या शीट. बहुतेक वेळा खरा चोर डेकल, म्हणजे रीलची रुंदी, असतो. रीलची रुंदी आपल्या नेहमीच्या मापांना जुळत नसेल तर प्रत्येक शीटमागे दोन-तीन इंच कात्रण रद्दीत जाते. शेवटी चार-पाच डेकल ठरवून घ्यावे लागतात आणि गिऱ्हाइकाला पाच मिमी इकडेतिकडे करायला पटवावं लागतं.

डेकल वाचवण्याच्या नादात एक चूक फार होते. शीट आडवी फिरवून कापतात. कागद वाचतो, पण बॉक्समध्ये फ्लूट उभे न राहता आडवे पडतात. उभ्या फ्लूटवरच तर थप्पीचा भार पेलला जातो! बर्स्टिंग टेस्टला तो बॉक्स पास होतो, कारण त्या टेस्टला फ्लूटच्या दिशेशी देणंघेणं नाही. गोदामात चौथ्या थराखाली मात्र तो बसतो, आणि फोन येतो, "भाऊ, पेट्या दबून राहिल्या ना!" फ्लूट रोलर झिजल्यावरही असंच होतं. लाटेची उंची कमी होते, कागद थोडा वाचल्यासारखा वाटतो, शीट पातळ निघते. म्हणून जाडी रोज मोजावी, आणि छपाईच्या आधी व नंतर दोन्ही वेळा मोजावी. फ्लेक्सो छपाई मशीनचा दाब जास्त असेल तर छपाई ठसठशीत दिसते, पण फ्लूट चिरडलेले असतात.

नागपूरची हवा हा या धंद्यातला वेगळाच विषय आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत, कागदातला ओलावा चार-पाच टक्क्यांवर येतो. असा कागद फ्लूटमध्ये तुटतो आणि क्रीजवर (घडीच्या रेषेवर), विशेषतः वरच्या लायनरला, तडकतो. दुसरीकडे पेस्टिंगचा गोंद शीट प्रेसखाली जाण्याआधीच सुकतो. कामगार मग गोंदात पाणी वाढवतात. शीट ओली होते, सुकताना वाकते, आणि जोड तरीही कच्चाच राहतो. पाणी वाढवू नका, पेस्टिंग आणि प्रेसमधला वेळ कमी करा: थप्पी लहान ठेवा, लगेच वजनाखाली घाला. रील गुंडाळलेल्या ठेवा, गरज असेल तेवढीच उघडा. रोटरीच्या भागात नागपुरी डेझर्ट कूलर चालवला तर फरक पडतो, फक्त त्याचा झोत शीटवर सरळ येऊ देऊ नये, नाहीतर एक बाजू ओली होऊन शीट त्या बाजूला वळते. दुसऱ्या दिवशी शीटचा कोपरा हाताने सोलून पाहा. कागदाचे तंतू फाटून निघाले तर जोड पक्का; दोन्ही थर स्वच्छ सुटले तर ती थप्पी बाजूला काढा, पुढे पाठवू नका. जुलैत उलट: बॉक्स हवेतून पाणी पितो आणि फार दमट हवेत त्याची भार पेलण्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. उन्हाळ्यात पास झालेला नमुना पावसाळ्यात तसाच चालेल असं गृहीत धरू नये.

संत्र्याच्या पेटीला हे सगळं एकदम लागू होतं, कारण फळ स्वतःच ओलावा सोडतं. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, त्यामुळे मागणी दोन झटक्यांत येते. हवेसाठी भोकं लागतात, पण ती उभी लांबट असावीत, कोपऱ्यांपासून आणि कडांपासून लांब, आणि एकूण बाजूच्या सुमारे पाच टक्क्यांच्या आत. पेटीचा बराचसा भार कोपरे घेतात. कोपऱ्याजवळ भोक पाडलं की कितीही बीएफ वाढवून उपयोग नाही. कळमना बाजारातून दूरच्या प्रवासाला जाणारी पेटी कोपऱ्यावर कोपरा येईल अशीच रचली पाहिजे, हे अडत्यालाही सांगावं. फक्त संत्र्यावर कारखाना वाढवू नये, हे मात्र नक्की. वर्षभर चालणारं खाद्यपदार्थ, औषधं किंवा सुट्या भागांचं काम हवं, संत्रं वरचं.

मशीनचा क्रम आमच्या मते असा. आधी आपल्याच चालू कामातली अडचण कुठे आहे ते पाहा. बहुधा ती कोरोगेशनला (लाटा पाडण्याला) नसते, छपाई आणि स्लॉटिंगला (झाकणाच्या खाचा पाडण्याला) असते. म्हणून दोन रंगांचा प्रिंटर-स्लॉटर आधी, मग ग्लुइंग. शीट कमी पडली तर काही काळ बाहेरच्या ऑटोमॅटिक प्लांटकडून तयार शीट घ्या. लाइन आली की तिच्यासोबत बॉयलर, त्याची नोंदणी, परवानाधारक माणूस, स्टार्च किचन (गोंद तयार करायची जागा), लांब शेड आणि वाढलेला वीजभार येतो. रिकामी चाललेली लाइन घरातला पैसा फार लवकर खाते.

आणि आता त्यात जीएसटीची गाठ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोरोगेटेड बॉक्सवर ५ टक्के आणि क्राफ्ट कागदावर १८ टक्के. महिन्याला ५० लाखांची विक्री आणि त्यात साडेबत्तीस लाखांचा कागद धरा. कागदावर ५ लाख ८५ हजार कर भरला, विक्रीवर अडीच लाख गोळा झाला. दर महिन्याला ३ लाख ३५ हजार अडकतात. परतावा मिळतो, पण अर्ज करून, नंतर. तीन महिने लागले तर दहा लाखांचं खेळतं भांडवल नुसतं तिथे पडून. आणि मशीनवरचा जीएसटी या परताव्यात धरला जात नाही. दोन कोटींच्या लाइनवर ३६ लाखांचा कर क्रेडिट लेजरमध्ये दिसत राहील, वापरायला जागाच नसेल. बँकेला प्रोजेक्ट रिपोर्ट देताना ही रक्कम खर्चात धरलेली नसेल तर पहिल्या वर्षीच कॅश क्रेडिट तुंबतं. अर्ज दर महिन्याला करा, वर्षाअखेरीला नको.

उधारीचं गणितही तसंच. मिलला पंधरा दिवसांत पैसे, गिऱ्हाईक देणार साठ-नव्वद दिवसांनी. विक्री दुप्पट झाली की हे मधलं भोकही दुप्पट होतं. उद्यम नोंदणी करून बिलावर क्रमांक छापा. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत (जास्तीत जास्त ४५ दिवस) आणि नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत आणि ते मार्चअखेरीलाही बाकी राहिले, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही. मार्च जवळ आला की खरेदी विभागाला याची आठवण सौम्यपणे करून देता येते. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर (बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर) नोंदणी सक्तीची आहे. तिथे बिल वटवलं तर पैसे आधी मिळतात आणि ते बुडण्याचा धोका आपल्या माथी राहत नाही.

राहिलं घर. काका कागद घेतात, वडील गिऱ्हाईक सांभाळतात, दादा मशीनवर, वहिनी बिलं आणि बँक बघतात, आणि पगार कुणालाच नाही. लागेल तसे उचलायचे. असं असेल तर वर काढलेली कॉस्टिंग खोटी आहे, कारण चार माणसांची मजुरी तिच्यात नाही. प्रत्येकाला ठरलेला पगार लावा, उचल त्याच्या भांडवली खात्यात टाका. भाव देण्याचा अधिकार एकाकडेच ठेवा, म्हणजे गिऱ्हाईक काकांकडून एक भाव आणि दादाकडून दुसरा घेऊन जाणार नाही. नव्या कर्जाला वैयक्तिक हमी कोण कोण देतंय ते सही करण्याआधी सगळ्यांच्या समोर वाचून घ्या, आणि राहतं घर तारण असेल तर ज्यांच्या नावावर ते आहे त्या आई-आजींनाही बसवून समजावून सांगा. आगीचा विमा मार्चच्या स्टॉकवर न काढता संत्र्याच्या हंगामात गोदामात असतो त्या जास्तीत जास्त स्टॉकवर काढा; कमी रकमेचा असेल तर नुकसानभरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते.