डॅनियल बूनच्या कुळाचा माग: केंटकीची जुनी दप्तरं कशी वाचावीत

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता इथलीच सून किंवा इथलाच जावई असणं नवलाचं राहिलेलं नाही. ते केंटकी-टेनेसीकडचे असतील, तर व्याह्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: आमचे पूर्वज डॅनियल बूनबरोबर डोंगर ओलांडून आले. बून म्हणजे अठराव्या शतकात अ‍ॅपलाचियन डोंगरांपलीकडे, केंटकीत वसाहतकारांना घेऊन गेलेला वाटाड्या. हे वाक्य तपासता येतं. त्यासाठी लागणारी बरीचशी कागदपत्रं पुण्या-कोल्हापुरात बसूनही संगणकावर फुकट पाहता येतात. उदाहरणाला खुद्द बून कुटुंबच घेतलं आहे, कारण या कामात येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण त्यांच्या कागदांत भेटते.

सुरुवात नावापासून केली की गाडी लगेच अडते. बून हे नाव इंग्रजीत शेवटच्या 'ई'सह आणि 'ई'शिवाय, दोन्ही तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. डॅनियलच्या वडिलांचं नाव स्क्वायर आणि धाकट्या भावाचंही स्क्वायर. बायको रेबेका ब्रायन, एका मुलीचं नावही रेबेका. भाऊ एडवर्डने रेबेकाच्याच बहिणीशी, मार्थाशी लग्न केलं, आणि बहीण मेरी ब्रायन घराण्यात दिली. चुलत-पुतण्यांत आणखी डॅनियल आहेतच. नावापुढे 'सीनियर' किंवा 'ज्युनियर' दिसलं म्हणजे ते बापलेक असं समजू नका. त्याच गावात त्याच नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर, एवढाच त्याचा अर्थ. काका-पुतणेही असतील, किंवा काहीच नातं नसेल. म्हणून माणूस ओळखायचा तो त्याच्या जमिनीवरून, ओढ्यावरून आणि त्याच्या आजूबाजूला पुनःपुन्हा येणाऱ्या नावांवरून. नव्या वस्तीच्या सरहद्दीवर कोणी एकटं जात नसे. बून, ब्रायन, कॅलवे, हेज, शोल ही घराणी एकत्र हलली, आणि डॅनियलच्या सुझाना, जेमायमा आणि लव्हायना या मुली अनुक्रमे हेज, कॅलवे आणि शोल घरांत गेल्या.

दुसरी अडचण काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या हद्दींची. बून १७७५ मध्ये केंटकीतल्या बून्सबरो या नव्या वसाहतीत आला तेव्हा ती जागा कागदोपत्री व्हर्जिनियाच्या फिनकॅसल काउंटीत होती. १७७६ च्या अखेरीस केंटकी काउंटी झाली, १७८० मध्ये तिचे तीन तुकडे होऊन ही जागा लिंकन काउंटीत गेली, आणि १७८६ पासून ती मॅडिसन काउंटीत आहे. माणूस जागचा हलला नाही तरी त्याचे कागद चार ठिकाणी विखुरले. फिनकॅसलची दप्तरं तर आज व्हर्जिनियातल्या क्रिश्चन्सबर्गला, माँटगोमेरी काउंटीच्या कोर्टात आहेत. काउंटी फुटली की जुनी दप्तरं साधारणपणे मूळ काउंटीकडेच राहतात, हा नियम धरून चाला. डॅनियलचे वडील स्क्वायर बून १७६५ मध्ये वारले. नॉर्थ कॅरोलायनात मॉक्सव्हिलला त्यांची कबर आहे, आणि ते गाव आज डेव्ही काउंटीत येतं. पण डेव्ही काउंटी झाली १८३६ मध्ये, त्यामुळे त्यांच्या काळचे कागद रोवन काउंटीचं ठाणं असलेल्या सॉल्सबरीला शोधावे लागतात. न्यूबेरी लायब्ररीने काउंट्यांच्या बदलत्या हद्दींचा नकाशासंग्रह इंटरनेटवर फुकट ठेवला आहे. कुठलाही शोध सुरू करण्याआधी त्यात तारीख घालून हद्द पाहून घ्या.

आता जमीन. या कामाचा खरा कणा हाच, म्हणून इथे वेळ घाला.

बून्सबरो वसवलं ते रिचर्ड हेंडरसनच्या ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीने चेरोकी या मूळनिवासी जमातीकडून घेतलेल्या जमिनीवर. शॉनी या दुसऱ्या मूळनिवासी जमातीचीही ही शिकारीची भूमी होती आणि त्यांनी तो व्यवहार मानला नाही. १७७८ मध्ये व्हर्जिनियानेही कंपनीचा दावा रद्द ठरवला, त्यामुळे कंपनीने दिलेले हक्क टिकले नाहीत. १७७९ च्या कायद्याने नवी पद्धत आली. १ जानेवारी १७७८ पूर्वी वस्ती केलेल्याला ४०० एकर, आणि लागून असलेली आणखी १००० एकर जमीन आधी विकत घेण्याचा हक्क. हे दावे ऐकायला नेमलेलं आयोग १७७९-८० च्या हिवाळ्यात गढ्यागढ्यांतून फिरलं. त्याने दिलेल्या दाखल्यांत बहुधा वस्ती किंवा पेरणी कोणत्या वर्षी झाली तेही लिहिलेलं असतं. एखादं कुटुंब खरंच सुरुवातीला आलं होतं का, याचा इतका थेट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो. 'बूनबरोबर आले' हे आधी इथे पडताळा.

जमीन हाती येईपर्यंत चार टप्पे असत: हक्काचा दाखला म्हणजे वॉरंट, मग कोणती जमीन हवी त्याची नोंद, मग मोजणी, आणि शेवटी सनद. बरेच जण फक्त सनद पाहतात आणि तिथेच चुकतात. वॉरंट विकलं जाई, नोंद दुसऱ्याच्या नावे होई, मोजणीनंतर हक्क तिसऱ्याकडे जाई. सनदेवरचा माणूस त्या जमिनीवर कधी राहिलाही नसेल, आणि तुमचा माणूस पहिल्या टप्प्यावरच व्यवहारातून बाहेर पडलेला असेल. केंटकीच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या लँड ऑफिसने १७९२ पूर्वीच्या व्हर्जिनियाकालीन मोजण्या आणि सनदा प्रतिमांसह संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. चारही टप्प्यांचे कागद शोधा, आणि हक्क हस्तांतरित केल्याची मागच्या बाजूची नोंदही वाचा.

मोजणीच्या कागदावर नकाशा, दिशा, अंतरं आणि खाली साखळी धरणाऱ्यांची नावं असतात. नावांपुढे 'सी.सी.' (चेन कॅरिअर) लिहिलेलं असतं. ही माणसं अनेकदा दावेदार स्वतःच घेऊन येई, म्हणजे मुलगा, मेहुणा, शेजारी. नाती जुळवायला ही दोन-तीन नावं मोठ्या कामाची असतात. बून स्वतः फेयेट काउंटीचा उपमोजणीदार होता, त्यामुळे त्याच्या सहीच्या मोजण्यांवर त्याच्या गोतावळ्यातली नावं भेटतात.

जमिनीचं वर्णन आपल्याकडच्या खरेदीखतातल्या चतुःसीमेसारखं, फक्त गट नंबर नाही. अमुक ओढ्याच्या काठच्या बीच झाडापासून निघा, उत्तर ४५ अंश पूर्वेला १६० पोल जाऊन दोन हिकरींपाशी पोचा, अशा चालीने ते फिरून आरंभाला येतं. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. चार पोलांची एक साखळी, ३२० पोलांचा मैल, १६० चौरस पोलांचा एकर. म्हणजे ४०० एकर ही ६४,००० चौरस पोल जमीन. आयताकृती असली तर २०० पोल रुंद आणि ३२० पोल लांब. अमेरिकन भूसर्वेक्षण खात्याच्या १:२४,००० प्रमाणाच्या नकाशावर १०० पोल सुमारे २.१ सेंटिमीटर भरतात. त्या मापाने पारदर्शक कागदावर आकृती काढा आणि नकाशावर ओढ्याच्या वळणाशी जुळवत सरकवा. होकायंत्राचं उत्तर आणि खरं उत्तर यांत फरक असतो, म्हणून आकृती काही अंशांनी फिरलेली दिसेल. अशा वेळी सगळी आकृती एकत्र फिरवा, एकेक रेघ बदलू नका. शेवटची रेघ आरंभाला मिळत नसेल तर आधी तुमचं वाचन तपासा: जुन्या अक्षरांत पूर्व-पश्चिमेची गल्लत होते, किंवा नकलाकाराकडून एखादी बाजू सुटलेली असते. मूळ मोजणी आणि सनदेची नक्कल शेजारी ठेवली की गाळलेली ओळ सापडते.

एक जमीन बसली की शेजाऱ्यांच्याही बसवा. पाच-सहा जमिनी जुळल्यावर वस्तीचा नकाशा तयार होतो, आणि कोणत्या घरची मुलगी कोणत्या घरी गेली असेल याचा अंदाज बांधता येतो. केंटकीत एकाच जागेवर दोन-तीन दावे चढलेले असत, कारण नोंदीतली वर्णनं मोघम होती. बूनच्याही जमिनी अशा वादांत गेल्या. या खटल्यांनी घरं बुडाली, पण संशोधकाला मात्र साक्षींचा मोठा साठा मिळाला. साक्षीदाराला झाडापाशी उभं करून विचारलेलं असतं, आणि वय, कधीपासून ओळखतो, तेव्हा सोबत कोण होतं, हे सगळं लिहिलेलं असतं. बूनच्या स्वतःच्या अशा साक्षी उपलब्ध आहेत. तुमच्या माणसाचा खटला सापडला नाही तर शेजाऱ्याचा पाहा. साक्षीदारांत तो असण्याची शक्यता बरीच.

केंटकीची १७९० आणि १८०० ची जनगणना टिकलेली नाही. ती पोकळी कर-याद्या भरून काढतात. १७८७ पासूनच्या याद्या फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर पाहता येतात. एक वर्ष पाहून भागत नाही, ओळीने दहा-पंधरा वर्षं वाचावी लागतात. सोळा ते एकवीस वयाच्या मुलांचा रकाना वेगळा असतो. तिथे शून्याचा एक झाला की मुलगा सोळाचा झाला. काही वर्षांनी तोच स्वतःच्या नावाने खाली आला की एकवीस पूर्ण. एखाद्या वर्षी पुरुषाच्या जागी बाईचं नाव आलं, किंवा जमिनीपुढे 'वारस' लिहिलं, तर मधल्या बारा महिन्यांत मृत्यू झालेला असणार, आणि वारसाचे कागद नेमके त्या वर्षी शोधायचे. पुढच्या काळातल्या याद्यांत ओढ्याचं नाव आणि मूळ सनद कोणाची हेही असतं. एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळं करायला याहून चांगला रकाना नाही.

जनगणनेबद्दल थोडक्यात: १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांची वयोगटांनुसार संख्या. घरातल्या सगळ्या मुक्त माणसांची नावं १८५० पासून येतात, प्रमुखाशी नातं १८८० पासून.

बायकांचा माग काढताना चिकाटी लागते. विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्शाचा हयातभर उपभोग घेण्याचा हक्क होता. म्हणून जमीन विकताना बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन तिची संमती विचारली जाई आणि खताच्या शेवटी तिच्या नावासह ती नोंदली जाई. नोंद खतापासून काही पानांनी पुढेही असू शकते. १७९८ च्या खतात मेरी आणि १८०३ च्या खतात एलिझाबेथ दिसली, तर बहुधा मधे दुसरं लग्न झालं आहे. विवाहासाठी जामीनखत लिहून देत. त्यावरची तारीख लग्नाची नसते, आणि जामीन राहणारा पुष्कळदा मुलीचा बाप किंवा भाऊ असतो. मुलगी एकवीसच्या आत असेल तर पालकाच्या संमतीची चिठ्ठी पुडक्यात जोडलेली असते, आणि छापील सूचींमध्ये ती सहसा घेतलेली नसते.

मृत्यूनंतरच्या कागदांत मृत्युपत्राइतकाच मालमत्तेचा पंचनामा आणि लिलावाची यादी वाचा. लिलावात घेणारे मुख्यतः नातेवाईक आणि शेजारी असतात. याच याद्यांत, घोडे आणि भांड्यांच्या ओळींत, गुलाम केलेल्या माणसांची पहिली नावं आणि लावलेली किंमत येते. ती नावं तुमच्या टिपणांत काउंटी, तारीख आणि मालकाच्या नावासह पूर्ण उतरवून घ्या. त्या माणसांच्या वंशजांना आपल्या पूर्वजांपर्यंत पोचायला अनेकदा हाच एक कागद असतो, आणि तो दुसऱ्या कुणाच्या आडनावाखाली दडलेला असतो. एवढं काम प्रत्येकाने करायलाच हवं असं आम्हाला वाटतं.

तारखांत एक सापळा आहे. बूनचं घराणं पेनसिल्व्हेनियातलं क्वेकर, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचं. त्यांच्या सभेच्या वहीत डॅनियलचा जन्म १७३४, आठव्या महिन्याची २२ तारीख असा आहे. तो ऑगस्ट नव्हे. १७५२ पूर्वी इंग्रजी वसाहतींत मार्च हा पहिला महिना धरत, म्हणून आठवा म्हणजे ऑक्टोबर. शिवाय पंचांग बदललं तेव्हा अकरा दिवस वगळले, म्हणून नव्या गणनेने जन्मतारीख २ नोव्हेंबर येते. टिपणात मूळ नोंद जशीच्या तशी लिहा आणि रूपांतर वेगळ्या ओळीत करा.

कागद अचानक संपले तर माणूस मेला असं धरू नका. फेब्रुवारी १७७८ मध्ये शॉनींनी बूनला पकडून नेलं. तो गेला असं समजून रेबेका मुलांना घेऊन नॉर्थ कॅरोलायनात परतली आणि कुटुंब १७७९ च्या शरद ऋतूत पुन्हा केंटकीत आलं. म्हणजे त्या दीड वर्षातल्या खुणा डोंगरांच्या पूर्वेला शोधायच्या. १७९९ मध्ये ही मंडळी मिसूरीला गेली, आणि तो मुलूख तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. जमीन तिथे आर्पांत या मापाने मोजत. एक आर्पांत सुमारे ०.८५ एकर. बूनला स्पेनकडून मिळालेले १००० आर्पांत, मुलूख अमेरिकेकडे आल्यावर, अमेरिकन आयोगाने १८०९ मध्ये नाकारले आणि काँग्रेसने १८१४ मध्ये मान्य केले. असे दावे 'अमेरिकन स्टेट पेपर्स'च्या सार्वजनिक जमीन विभागात छापलेले आहेत, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ते पाहता येतात.

बून १८२० मध्ये वारला, पण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्याच्याबरोबर असलेले काही सैनिक १८३२ च्या निवृत्तिवेतन कायद्यापर्यंत हयात होते. किमान सहा महिन्यांची सेवा पुरेशी होती. अर्जदाराला कोर्टात ठरावीक प्रश्न विचारत: जन्म कुठे आणि कधी, सैन्यात गेलात तेव्हा कुठे राहत होता, त्यानंतर कुठे कुठे राहिलात. एका माणसाचा सगळा प्रवास दोन पानांत मिळतो. फाइलीवर 'एस' म्हणजे हयात सैनिक, 'डब्ल्यू' म्हणजे विधवा, 'आर' म्हणजे नामंजूर. नामंजूर फाइलीही मागवाच; त्यांत सेवा पटवण्यासाठी जादा साक्षी जोडलेल्या असतात. विधवांच्या फाइलींत लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलमधून फाडून दिलेली जन्म-मृत्यूची पानंही सापडतात.

लायमन ड्रेपर या एकोणिसाव्या शतकातल्या इतिहाससंग्राहकाने जमवलेली हस्तलिखितं विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात, विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. डॅनियल बूनचे कागद 'सी' मालिकेत, आणि धाकटा मुलगा नेथन व त्याची बायको ऑलिव्ह यांची १८५१ मधली मुलाखत '६ एस' या खंडात. नेथनचा जन्म १७८१ चा, म्हणून १७७५ बद्दल तो जे सांगतो ते आईबापांकडून ऐकलेलं आहे. १७९९ च्या प्रवासाबद्दल मात्र डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. कुठलीही मुलाखत वाचताना बोलणाऱ्याचं जन्मवर्ष समासात लिहून ठेवा आणि प्रत्येक वाक्य त्याच्याशी ताडून पाहा. 'सीसी' मालिकेत जॉन शेन या पाद्र्याने केंटकीतल्या साध्या वसाहतकारांशी केलेली बोलणी आहेत. तुमच्या व्याह्यांचं आडनाव बूनच्या कागदांपेक्षा तिथे सापडण्याची शक्यता जास्त आहे.