देशाच्या दुसऱ्या टोकावरून जुनी विलीज जीप चालवत घरी आणली – माझा अनुभव

गाडी मिळाली ती पार दुसऱ्या टोकाला. विलीज सीजे-३बी, १९६२ची. उंच बॉनेटवाली जीप ती हीच. ही मॉडेल १९५३ ते १९६८ या काळात अमेरिकेत टोलेडोला बनत होती आणि बॉनेट उंच असायचं कारण म्हणजे आतलं हरिकेन इंजिन. यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो, त्यामुळे इंजिनाची उंची आधीच्यापेक्षा वाढली आणि बॉनेट वर घ्यावं लागलं. काहींना तो चेहरा बेढब वाटतो, मला तोच आवडतो, म्हणून तर इतक्या लांबची गाडी घेतली.

गाडी ट्रकवर टाकून आण, असं जवळजवळ सगळ्यांनीच सांगितलं. मामा तर म्हणाले, "अरे साठ वर्षांची गाडी ती, मधेच कुठं बसली तर काय करणार तू? हट्ट करू नकोस." त्यांची काळजी खरी होती. पण माझा विचार असा होता की ट्रकवरून उतरवलेली जीप दारात उभी राहिली तरी ती मला अनोळखीच राहणार, कुठला आवाज तिचा नेहमीचा आणि कुठला बिघाडाचा हे मला कळणारच नाही. आणि दुसरं म्हणजे या गाड्या सहसा अचानक दगा देत नाहीत, आधी तेल गळतं, वास येतो, आवाज बदलतो, हाताला गरम लागतं. लक्ष देणारा माणूस असेल तर वेळ मिळतो. तेव्हा चालवतच आणायची ठरलं, फक्त घाई करायची नाही आणि निघायच्या आधीची तयारी अजिबात उरकून टाकायची नाही.

तिथं पोचल्यावर पहिलं काम कागदांचं. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदावरच्याशी अंक अन् अंक जुळवून बघितले, प्लेट घासून पुसून, बॅटरीच्या उजेडात. विमा निघायच्या आधी माझ्या नावावर चालू करून घेतला. हे झाल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही असं मी आधीच ठरवलेलं.

मग ब्रेक. हा भाग मी सगळ्यात जास्त मनावर घेतला कारण या जीपला चारही चाकांना ९ इंची ड्रम आहेत आणि मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑइल ढकलणारा भाग) एकेरी, म्हणजे सर्किट एकच. कुठल्याही एका चाकाला गळती लागली आणि ऑइल संपलं की चारही चाकांचे ब्रेक गेले. हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा) मागच्या ड्रमवर आहे, तो मागच्या ॲक्सलकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट धरतो, उभ्या गाडीला उत्तम पण चालत्या गाडीत त्याच्यावर भिस्त ठेवण्यासारखी नाही. आणि एक गोष्ट जी आधी विचारात घ्यायला हवी ती म्हणजे मागचे ड्रम टेपर, म्हणजे निमुळत्या, ॲक्सलवर बसलेले असतात, ते हबपुलर लावल्याशिवाय निघत नाहीत, हातोड्याने ठोकत बसलात तर ॲक्सलचं नुकसान. पुढचे मात्र हबचा मोठा बॉक्स पाना असेल तर रस्त्याकडेला पण उघडता येतात. म्हणून मी मागची दोन्ही चाकं तिथल्याच एका गॅरेजमध्ये उघडून घेतली, नवीन व्हील सिलेंडर (ऑइलच्या दाबानं शू ड्रमवर दाबणारे), नवीन शू, नवीन होस, आणि पुढच्यासाठी रबर किट, लायनिंग लावलेले शू, ऑइलचे डबे आणि तो मोठा पाना सोबत घेतला. जे रस्त्यावर होणार नाही ते आधी करून घ्यायचं आणि जे होऊ शकतं त्याचं सामान जवळ ठेवायचं, सगळ्या यादीला हीच कसोटी लावली.

यादी म्हटली तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर, प्लग, फ्यूएल पंपाचं किट, फॅन बेल्ट, रेडिएटरचे वरचे खालचे दोन्ही होस, यू जॉइंटचे क्रॉस, टायर ट्यूब, हवा भरायचा पंप, फिलर गेज, ग्रीस गन, पाण्याचे कॅन आणि भरपूर वायर. कंडेन्सर दोन घेतले. एवढासा भाग असतो पण तो गेला की इंजिन मिसिंग करतं आणि माणूस कार्बोरेटर खोलत बसतो.

टायरचं सांगायलाच हवं. गाडीवरच्या टायरची नक्षी छान होती, मालक काका म्हणाले फारसे चाललेले नाहीत. खरंच होतं ते. पण टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे ३२१४ असेल तर २०१४ सालचा ३२वा आठवडा. माझ्या जीपच्या टायरवर कोड शोधला तर तो तीन आकडी निघाला, म्हणजे २००० सालच्या आधीचे टायर, आणि बाजूला बारीक भेगा. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत पण रबर म्हातारं होतंच. पाचही बदलले, स्टेपनीसकट. बदलताना तिथल्या पोराला आधीच सांगितलं की डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे आहेत, नेहमीच्या उलट दिशेनं सुटतात. ज्याला माहीत नसतं तो जोर लावून लावून स्टड तोडतो.

स्टेअरिंग तपासायची एक पद्धत फार कामाची आहे. एकानं गाडीत बसून स्टेअरिंग थोडं थोडं डावं उजवं हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली झोपून एकेक सांधा बघायचा. कुठला सांधा हलतोय आणि पुढचा हलायला उशीर करतोय तिथं झीज आहे. या जीपमध्ये मधोमध बेल क्रँक नावाचा तुकडा असतो, स्टेअरिंग बॉक्सकडून येणारा दांडा त्याला आणि त्याच्यापासून दोन टाय रॉड दोन चाकांना. माझ्याकडे निम्मा प्ले तिथंच होता. पिन आणि बेअरिंग बदलल्यावर गाडी बरीच सरळ झाली. किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या, बेअरिंगमध्ये थोडी ढिलाई होती, ती घरी येऊन करायची ठरवली कारण त्यासाठी पुढचा सगळा गोळा उतरवावा लागतो.

सगळी तेलं बदलली. गिअरबॉक्समध्ये पितळेच्या सिंक्रो रिंग (गिअर न कडकडता पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या) असतात, त्यामुळे डब्यावर जीएल-४ हा गिअर ऑइलचा दर्जा बघून घेतलं, जीएल-५च्या काही तेलांतला गंधक पितळ खातो. ग्रीसचे निपल एकेक शोधून भरले, काही तर मातीखाली गाडलेले होते. आणि मग लगेच लांब न निघता त्याच गावाभोवती चकरा मारल्या, आधी छोट्या मग मोठ्या, दर वेळी येऊन खाली वाकून बघायचं. या चकरांमध्येच टाकीतला गंज हलून वर आला आणि पेट्रोल फिल्टर भरला. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीला हे हमखास होतं, हलायला लागली की तळाचा गाळ वर येतो. पारदर्शक फिल्टर लावला होता म्हणून लगेच दिसलं, आणि अजून मूठभर फिल्टर घेऊन ठेवले.

आता रस्त्याचं. एक्स्प्रेसवे पूर्ण टाळले. या जीपच्या ॲक्सलचा रेशो ५.३८, गिअर तीनच आणि टॉप गिअर सरळ एकास एक, त्यामुळे ६५च्या स्पीडला इंजिन अडीच हजार आरपीएमच्या वर फिरत असतं. इंजिन २.२ लिटरचं, पॉवर ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास ४००० आरपीएमला, पण ओढ सगळ्यात जास्त २००० आरपीएमला. म्हणजे ही गाडी पळायला नाही, ओढायला बनवलेली आहे. ५५ ते ६० हा तिचा आवडता स्पीड, तिथं ती शांत असते, शांत म्हणजे जीपच्या मानाने हं, कारण ट्रान्स्फर केसमध्ये ताकद सतत मधल्या गिअरमधून जाते आणि एक बारीक घरघर कायम कानात राहते. पहिल्या दिवशी त्या आवाजानं जीव वरखाली होत होता, नंतर तो आवाज आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं वाटायला लागलं. कानात बोळे मात्र घातले होते, कॅनव्हासचा हूड वाऱ्यानं इतका फडफडतो की संध्याकाळपर्यंत डोकं बधिर होतं.

दर तासाभरानं थांबायचं. थांबल्यावर क्रम ठरलेला, आधी चारही हबवर हात ठेवून बघायचं, एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक चिकटतोय, मग टायर, मग चाकांच्या आतल्या बाजू, मग खाली जमिनीवर काय टपकतंय ते, शेवटी बॉनेट उघडून पाणी आणि तेल. पाणी बघायचं म्हणजे आधी बाहेरून, रेडिएटर कॅप गरम असताना उघडायची नाही. सुरुवातीला सोबतचा मित्र कंटाळायचा, दोन दिवसांनी तोच माझ्या आधी उतरून हबला हात लावायला लागला.

आणि याच तपासणीत ती गळती सापडली. पुढचं डावं चाक, आतली बाजू ओली आणि ब्रेक ऑइलचा तो विशिष्ट वास. पेडल अजून घट्ट होतं, चालवताना काहीही कळलं नसतं. पुढे घाट होता. तिथंच सावली बघून जॅक लावला, उलट्या आट्याचे नट सोडले, हब उघडला, व्हील सिलेंडरचं रबर फुगून मऊ झालेलं. सिलेंडर आतून गुळगुळीत होता, खड्डे असते तर नुसतं रबर टाकून भागलं नसतं. किट टाकलं, ऑइलनं भिजलेले शू बाजूला काढले कारण ब्रेक ऑइल प्यायलेलं लायनिंग धुऊन परत भरवशाचं होत नाही, आणि उजव्या चाकाचेही शू बदलले. एकाच बाजूला नवीन टाकले तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते. हबचे बेअरिंग बसवताना नट घट्ट आवळून चाक फिरवायचं आणि मग किंचित मागे सोडून लॉक वॉशरची पाकळी वाकवायची, ही पाकळी विसरायची नाही. मित्रानं पेडल मारलं, मी हवा काढली, अंधार पडायच्या आत गाडी उभी राहिली. त्या रात्री तिथंच जवळ मुक्काम केला, घाट सकाळी.

घाट उतरताना वर असतानाच सेकंड टाकला आणि पूर्ण उतार इंजिनवर घेतला. फर्स्टला सिंक्रो नाही त्यामुळे चालत्या गाडीत ऐनवेळी फर्स्ट मिळेल असं धरून चालायचं नसतं. लो रेंज, म्हणजे ट्रान्स्फर केसमधला जास्त ओढीचा हळू गिअर, वापरता आली असती असं वाटेल, पण या ट्रान्स्फर केसला पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय लो पडत नाही, आणि मध्ये डिफरेन्शियल नसल्यामुळे कोरड्या डांबरावर फोर व्हील घालून वळणं घेतली की सगळे शाफ्ट पीळ खातात.

फोर व्हील खरी लागली ती पुढे एका डायव्हर्जनला, रस्त्याचं काम चालू, आदल्या रात्री पाऊस, लाल चिखल आणि छोट्या गाड्या दोन्ही बाजूंना अडकलेल्या. पुढचा ॲक्सल जोडला, सेकंडमध्ये ॲक्सिलरेटर जेमतेम टेकवलेला, आणि जीप अशी गेली की मित्र आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. अवघी ८० इंचांची व्हीलबेस, बारीक टायर चिखल कापत खाली कडक जमिनीला टेकतात. इतके दिवस हायवेवर सगळ्यांना वाट देत, मागे राहत आलेली गाडी तिथं एकदम तिच्या घरी आल्यासारखी वागली. दोन गाड्या ओढून काढल्या. डांबरावर आल्यावर लिव्हर परत येईना, पण त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, पीळ बसलेला असतो, थोडं सरळ रिव्हर्स घेतलं की सुटतो.

दुपारच्या उन्हात एकदा इंजिन गुदमरून बंद पडलं. स्पार्क होता, पेट्रोल होतं, म्हणजे पाइपमध्ये पेट्रोलची वाफ. पंप आणि पाइपवर ओलं फडकं टाकलं, सावलीत थांबलो, चालू झाली. त्यानंतर भर उन्हाच्या वेळी विश्रांती आणि पहाटे लवकर निघणं असंच ठेवलं. अंधारात चालवली नाही, जुन्या हेडलाइटचा उजेड समोरच्या गाड्यांपुढे काहीच नसतो. पेट्रोलचा काटा बेभरवशाचा, म्हणून सीटखालच्या टाकीत लाकडी पट्टी घालून बघायचो, चाळीस लिटरच्या आसपास मावतं.

घरी आल्यावर मामांनी पाठीवर थाप मारली आणि लगेच विचारलं, "आता किती दिवस उघडून ठेवणार?" बरेच, कारण रस्त्यानं यादी तयार करून दिली होती. गिअरबॉक्सचं तेल बघितलं तर पातळी वाढलेली आणि ट्रान्स्फर केसची कमी झालेली, दोन्हींच्या मधल्या बेअरिंगमधून तेल इकडून तिकडे जातं, आधी ते सील केलं. पुढच्या दोन्ही व्हील सिलेंडरच्या जागी नवे टाकले. आता किंगपिन उघडलेत, शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) मोजायला घेतलेत, आणि ते झालं की दोन सर्किटचा मास्टर सिलेंडर बसवायचाय.