शिवडा हातात घ्यायला शिकताना

शिवडा नावाच्या माशाच्या तोंडात अंगठा घालू नये, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

गळाने मासे पकडायचा माझा नाद नाशिकच्या सिडकोत राहायला आल्यापासूनचा. सुरुवात तिलापिया आणि छोट्या रोहूवर झाली, आणि त्यांना हातात धरायला काही शिकावं लागत नाही. मग मी दोर गुंडाळायचं रील घेतलं, दोन-तीन ल्युअर, म्हणजे गळ लावलेली नकली आमिषं, घेतले आणि दारणेच्या फुगवट्याकडे, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्याकडे, वळलो. दारणा धरण १९१६ सालचं. इगतपुरी तालुक्यात त्याचं पाणी ओहोळा-ओहोळांत शिरलेलं आहे आणि बुडालेले बांध, खडकांच्या कपारी अशा जागी मोठे शिकारी मासे दबा धरून बसतात. धरणातल्या मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सोसायटीकडे असल्यामुळे आधी त्यांची परवानगी काढली. तिथेच आप्पांची ओळख झाली. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकणारे, साठीच्या पुढचे. चाळीस वर्षं त्याच पाण्यावर काढलेली.

फेब्रुवारीतली सकाळ होती. ल्युअरला जोराचा झटका बसला आणि दहा मिनिटांनी काठाशी चांदीच्या पट्टीसारखा लांबट, चपटा मासा आला. शिवडा. कुणी त्याला वालशिवडा म्हणतं, कुणी पडीण. अंगावर खवले नाहीत, मिशांच्या दोन जोड्या, आणि तोंडाची फट डोळ्याच्याही मागे गेलेली. मी व्हिडिओंमध्ये अमेरिकेतला बास मासा खालच्या ओठात अंगठा घालून उचलताना शेकडो वेळा पाहिला होता. तसाच अंगठा घातला.

बासचे दात बारीक असतात, हाताला खरखरीत लागतात एवढंच. शिवड्याच्या जबड्यात मात्र बारीक, टोकदार दातांचे रुंद पट्टे असतात. तोंडात आलेलं भक्ष्य सुटू नये यासाठीची ती रचना. त्याने एक गिरकी घेतली आणि अंगठ्याची कातडी सोलून निघाली. मी हात मागे ओढला, तेव्हा ल्युअरच्या त्रिशूळासारख्या दुसऱ्या, मोकळ्या गळाचं टोक माझ्या तळहातात घुसलं. आता एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला पाच-सहा किलोचा उसळणारा मासा. त्याच्या प्रत्येक धडपडीबरोबर गळ आणखी आत जात होता.

आप्पा तराफा वल्हवत आले. "ओढू नको भाऊ, अजिबात ओढू नको," म्हणाले. आधी त्यांनी माशाचं डोकं ओल्या फडक्याने दाबून धरलं, मग माझ्या हातातला गळ आणि ल्युअर यांच्यामधली कडी कापली. मासा वेगळा झाला, गळ माझ्या हातात राहिला. घोटीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जागा बधिर करून गळाचं टोक पुढून बाहेर काढलं, उलटा काटा कापला आणि उरलेला भाग आला त्या वाटेने मागे काढला. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. गोड्या पाण्यातल्या जखमा चिघळतात, म्हणून चार दिवस रोज ड्रेसिंग करायला लावलं.

जखम भरली. पण तो शिवडा डोक्यातून गेला नाही. या सगळ्या गोंधळात तो तापलेल्या खडकावर सात-आठ मिनिटं आपटत होता. पाण्यात सोडला तेव्हा उलटा झाला, पोट वर करून. आप्पांनी तो घरी नेला, वाया गेला नाही. पण मी तो सोडणार होतो, आणि मला नीट हाताळता न आल्यामुळे तो मेला, हे मला फार लागलं. शिवडा आता जागतिक पातळीवर संकटात येण्याचा धोका असलेल्या माशांत गणला जातो. आप्पाही सांगतात, की पूर्वीसारखे मोठे शिवडे जाळ्यात येत नाहीत.

त्यानंतर दोन महिने मी गळ पाण्यात टाकला नाही, नुसतं वाचलं आणि पाहिलं. सगळ्यात उपयोगी पडलं ते युरोपातल्या पाइक माशाबद्दलचं. पाइक आपल्याकडे नाही, तो थंड पाण्यातला. पण लांब अंग, मोठा जबडा आणि आत वळलेले दात हे शिवड्याशी जुळतं. तिकडे तो पकडणाऱ्यांची एक पद्धत मला पटली. मासा काठावर आल्यावर काय करायचं, याची तयारी ते गळ टाकण्याआधी पूर्ण करतात. पक्कड, कटर, जाळं, गादी, सगळं उघडून हाताशी मांडलेलं. माझी पक्कड त्या दिवशी बॅगेच्या तळाशी होती.

मग सामान बदललं. ल्युअरवरचे त्रिशूळ गळ काढून एकेरी गळ लावले आणि त्यांचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला. दोर तणलेला ठेवला तर मासा सुटत नाही, आणि हातात घुसलाच तर गळ सहज निघतो. दातांनी तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर, कापला जाऊ नये म्हणून पुढे फूटभर स्टीलच्या तारेचा तुकडा. तंगूस तुटला की मासा तोंडात गळ घेऊन पळतो, हा त्याच्यासाठी सगळ्यात वाईट शेवट. दोर मुद्दाम जाड घेतला, कारण बारीक दोरावर मासा अर्धा तास दमवण्यात मला आता काही शौर्य वाटत नाही. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो आणि दमलेला मासा सोडल्यावरही दगावतो. लांब चोचीची पक्कड घेतली, म्हणजे हात दातांच्या बाहेर राहतो. जाड तार कापणारा कटर. रबर चढवलेल्या जाळीचं हातजाळं, कारण साध्या गाठींच्या जाळीने पर फाटतात आणि अंगावरचा चिकट थर खरवडला जातो. तो थर म्हणजे माशाचं रोगांपासूनचं संरक्षण. आप्पांनी गोणपाट सुचवलं होतं, पण तेही खरखरीत. मी फोमच्या तुकड्यावर रेक्झिन शिवून घेतलं आणि ते भिजवून काठावर अंथरतो.

पुढच्या मार्चमध्ये, उजाडताना, पुन्हा शिवडा लागला. आधीच्यापेक्षा मोठा. या वेळी मी त्याला काठावर ओढलाच नाही. गुडघाभर पाण्यात उतरलो, जाळं आधी बुडवून ठेवलं आणि माशाला त्याच्यावर आणलं. जाळं घेऊन माशामागे धावलं की तो बिथरतो. जाळ्यात आल्यावर अर्धं मिनिट तसाच पाण्यात राहू दिला. हा विसावा फार कामाचा. माशाचं उसळणं थांबतं आणि आपले हातही थरथरायचे थांबतात.

गळ जबड्याच्या कोपऱ्यात होता. हात ओले केले, एक हात शेपटीच्या अलीकडे, दुसरा पोटाखाली. पाइकवाले कल्ल्याच्या झाकणाखालून, हनुवटीच्या हाडाला धरून बोटं सरकवतात. मी ते शिवड्यावर करत नाही. बोट जरा आत गेलं की कल्ल्याच्या लाल झालरी फाटतात आणि त्यातून रक्त गेलं तर मासा वाचणं कठीण. सराव असलेल्याने करावं. मला पाण्यातच, जाळ्याच्या आधाराने काम जमतं. पक्कडीने गळाचा बाक धरला, आला त्या दिशेने उलटा फिरवला, सुटला. गळ घशात खोल असता तर ओढाताण न करता दोर गळाजवळ कापला असता, तेवढ्यासाठीच कटर गळ्यात लटकवलेला असतो.

फोटोसाठी उचलला तो आडवा आणि पाण्याच्या वर वीतभर. जबड्याला धरून उभा लटकवला, की सगळं वजन मणक्यावर आणि जबड्याच्या सांध्यावर येतं. उचलताना मी स्वतः श्वास रोखतो आणि मला सोडावासा वाटला की मासा पाण्यात. मग त्याला सरळ धरून ठेवलं, पुढे-मागे न हलवता. कल्ले नीट उघडझाप करू लागले, शेपटीने एक जोरदार झटका दिला आणि माझ्या तोंडावर पाणी उडवून तो गेला. मी तिथेच पाण्यात बराच वेळ उभा होतो.

मरळीचं वेगळं. तिच्या खालच्या जबड्यात सुळे असतात आणि ती तोंड घट्ट मिटते, त्यामुळे पक्कडीशिवाय गळ निघतच नाही. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून काठावर बराच वेळ तग धरते, आणि लोक तिला त्यामुळेच निष्काळजीपणे हाताळतात. तापल्या खडकावर तिचंही अंग भाजतं. पावसाळ्यात मात्र मी मरळीच्या वाटेला जात नाही. पिल्लांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात फिरत असतो आणि आई-बाप खालून राखण करतात. तेव्हा जवळ आलेल्या ल्युअरवर ते भुकेने नाही, रागाने झडप घालतात. त्यांना उचललं तर पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

शिंगाळ्याचे दात नाही, पण पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे सांभाळावे लागतात. करवतीसारखे असतात. टोचले तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवला की ठणका उतरतो, पण काटा आत तुटला तर डॉक्टरच.

आप्पा खाण्यासाठी मासे पकडतात, मी सोडतो. यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही. ठेवायचा मासा ते डोक्यावर एक नेमका फटका मारून लगेच शांत करतात, तडफडत ठेवत नाहीत. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा त्यांनी माझी पक्कड उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही कुठं मिळती?" मी माझी जुनी त्यांना देऊन आलो. आता ती तराफ्याच्या दोरीला बांधलेली असते.