बोर्गेसेत दोनच तास: आधी डाफ्नी, बाकीचं नंतर

रोममधल्या गॅलेरिया बोर्गेसे या कलासंग्रहालयासाठी ‘रांग टाळा’ म्हणत विकलं जाणारं महागडं तिकीट घेऊ नका. टाळायला तिथे रांगच नाही. प्रत्येक तिकिटावर वेळ ठरलेली असते, आत दोन तास मिळतात आणि आरक्षणाशिवाय प्रवेश नाही. अधिकृत तिकिटावरही हेच मिळतं, दलालाला वर दिलेले पैसे पाण्यात. सोमवारी बंद. तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्थानकाहून 910 नंबरची बस जवळ सोडते. स्पान्या मेट्रोवरून चालत निघालात तर चढ धरून वीसेक मिनिटं लागतात.

खरा ताप तळघरात आहे. बॅगा तिथे जमा कराव्या लागतात आणि एका वेळेची सगळी माणसं एकदमच तिथे येतात. अर्धा तास आधी पोचा, नाहीतर हा वेळ दोन तासांतून जातो.

वर आल्यावर कानोव्हाच्या ‘पाउलीना’ या शिल्पाशी थांबू नका. थेट तिसरं दालन गाठा. शिल्पकार बर्निनीचं ‘अपोलो आणि डाफ्नी’ तिथे मधोमध आहे. कथा अशी: अपोलो देव डाफ्नीच्या मागे लागतो आणि तो पकडणार तोच तिचं झाड होतं. शिल्पात नेमका तोच क्षण आहे: 1622 ते 1625 मधलं काम, संगमरवर, उंची 243 सेंटीमीटर. सगळे समोरून फोटो काढून निघून जातात, आणि इथेच फसगत होते. शिल्प मधोमध आलं ते 1785 साली. त्याआधी आत येणाऱ्याला पहिल्यांदा अपोलोची पाठ आणि उडतं वस्त्र दिसायचं. डाफ्नीचं झाड होतंय हे वळसा घातल्यावरच कळायचं. म्हणून कुठल्याही दाराने आलात तरी आधी अपोलोच्या मागे जाऊन उभे राहा आणि तिथून सावकाश फिरा.

त्याचा डावा हात बघा. बोटं तिच्या कमरेला टेकलीत, पण खाली कातडी नाही, साल आहे. हातात येता येता ती निसटली, ते नेमकं याच जागी. मग खाली वाका: पायाच्या बोटांतून मुळं फुटताहेत. वर हाताची बोटं पानांत संपतात, आणि ही पानं इतकी पातळ कोरलीत की काही ठिकाणी उजेड आरपार येतो. पानं आणि मुळं यांत बर्निनीचा मदतनीस जुलियानो फिनेल्ली याचा मोठा हात होता. श्रेय मिळालं नाही म्हणून तो पुढे बर्निनीपासून वेगळा झाला. त्याचं नाव लक्षात ठेवूनच ती पानं बघा. तीन मीटरच्या आत फोकस होणारी छोटी दुर्बीण खिशात असेल तर उत्तम. फ्लॅश चालत नाही.

इथे चाळीस मिनिटं द्या. बर्निनीचीच ‘डेव्हिड’ आणि ‘प्रोसेर्पिना’ ही शिल्पं शेजारच्याच दालनांत आहेत, त्यांना वीस-वीस. खालच्या मजल्यावरची काराव्हाज्जोची चित्रं सोडू नका, वरच्या मजल्यावरची चित्रं मात्र घाईत उरकली तरी चालतील. शेवटच्या दहा मिनिटांत गर्दी बॅगांसाठी खाली धावते. तेव्हा पुन्हा तिसऱ्या दालनात या आणि पहारेकरी सांगेपर्यंत हलू नका.